राईतली सभासद आणि सरकारी डिंक

पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मला नोकरी लागली. मॅट्रिक झालेल्या आणि रेल्वेत चिकटवण्याची वडिलांची सगळी खटपट वाया घालवलेल्या माणसाला जी लागायची तीच लागली. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात महादेव कोळ्यांची एक वाडी होती आणि त्या वाडीची जंगल कामगार सोसायटी होती. मी तिचा सेक्रेटरी झालो. आमचं घर तुंगार्लीत, बंगल्यांच्या मागे. तिथून रूळ ओलांडून औंढं, औंढ्यातून वर चढण, अशी अडीच तासांची पायपीट. आईने शेजारणींना सांगितलं की मुलगा सेक्रेटरी आहे. कशाचा ते तिने कधीच सांगितलं नाही.

सोसायटी म्हणजे वाडीतली बत्तीस घरं. सरकार दरवर्षी जंगलाचा एक तुकडा तोडीला द्यायचं, त्याला कूप म्हणत. कूप तोडायचा, कोळसा पाडायचा, हिरडा आणि डिंक गोळा करून उतरवायचा, यावर वाडीचं निम्मं वर्ष निघे. उरलेलं निम्मं भात आणि नाचणीवर. हे सगळं त्यांना माझ्या आज्याच्या जन्माआधीपासून येत होतं. त्यांना येत नव्हतं ते फक्त लिहायला, आणि सरकारला लिहिलेलंच दिसतं, म्हणून मी.

माझ्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तीत सभेची वही, सभासदांचं रजिस्टर, शिक्का, शाईचा पॅड आणि डिंकाची बाटली. डिंक नोटिशी चिकटवायला. सभेच्या आधी आठ दिवस ‘ठळक जागी’ नोटीस लावायची असा नियम होता आणि वाडीत ठळक म्हणावी अशी जागाच नव्हती. भिंती कुडाच्या, शेणाने सारवलेल्या, त्यांच्यावर कागद टिकेना. झाडाला खिळा मारू म्हटलं तर आबा, म्हणजे आमचे चेअरमन, असे दचकले की जणू मी त्यांच्याच पाठीत मारणार होतो. शेवटी वाडीच्या वर एका मोठ्या धोंड्यावर मी नोटीस डकवू लागलो. शेळ्या ती डिंकासकट खात. नियमात नोटीस लावण्याबद्दल लिहिलं होतं, ती उरली पाहिजे असं कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून मी वहीत ‘नोटीस लावली’ असं लिहून मोकळा होत असे.

त्या धोंड्याच्या पलीकडे देवीची राई सुरू व्हायची. दोन-अडीच एकर जुनं, काळोखं रान. जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी, दोरखंडासारख्या वेली. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. पडलेलं झाड पडल्या जागी कुजायचं. आणि त्या कुजलेल्या पाल्याच्या खालून एक झरा निघायचा. वैशाखात औंढ्याच्या विहिरी तळाला गेल्या तरी तो करंगळीएवढा वाहत असे. वाडीला उन्हाळ्यात दुसरं पाणी नव्हतं. झऱ्याच्या वर, शेंदूर फासलेली, कमरेएवढी एक शिळा. तीच देवी. तिला सगळे नुसतं आई म्हणत.

माझी पहिलीच सभा. कोरमला सतरा माणसं लागत आणि आली होती सोळा. एक जण सासुरवाडीला गेला होता, काही भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, काहींना सभा म्हणजे काय हेच पटलेलं नव्हतं. मी अडीच तास चढून आलो होतो, पायात नवी चप्पल होती आणि दोन्ही टाचा सोलल्या होत्या. माझा पारा चढला.

“एक माणूस कमी आहे, आबा. सभा होणार नाही. मी परत जातो.”

आबा शांतपणे म्हणाले, “आईला धरा की, भाऊ. ती तर हायच हितं.”

शहाण्या माणसाने हसून सोडून दिलं असतं. मी माझ्या टाचांकडे बघितलं आणि रजिस्टर उघडलं. सभासद क्रमांक तेहतीस. नाव: देवी. राहणार: राई. धंदा: राखण. अंगठ्याच्या रकान्यात आबांनी शिळेवरचा शेंदूर बोटाने घेऊन एक ठिपका उठवला. सभा पार पडली, ठराव मंजूर झाले, मी खाली उतरलो. वाटलं, कोण बघतंय.

ऑफिसने बघितलं. महिन्याभराने पुण्याहून कागद परत आला: ‘सभासद क्र. ३३ यांचे वय नमूद केलेले नाही.’ मी आबांना विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, “माज्या आज्याच्या टायमालाबी एवढीच व्हती.” मी लिहिलं, ‘सज्ञान’. त्यावर ऑफिसचं समाधान झालं आणि देवी आमची रीतसर सभासद झाली. त्यानंतर कोरम कधी मोडला नाही. इतकी नियमित सभासद मी पुढे कुठल्याच सोसायटीत पाहिली नाही.

आता सुधारणांबद्दल सांगतो. त्या वर्षांत वरून सुधारणा येत. जंगल वाचवा, धूर टाळा, झाडं लावा. हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. मी तर त्यांच्या प्रेमातच होतो. वाडीला सुधारणारा मीच, अशा तोऱ्यात मी निर्धूर चुली वर नेल्या. सरपण वाचतं, डोळे वाचतात, असं अर्धा तास भाषण ठोकलं. बायकांनी मन लावून ऐकलं आणि चुली बसवून घेतल्या. पुढच्या खेपेला बघतो तर प्रत्येक घरात दोन जाळ. निर्धूर चुलीवर भाकरी आणि शेजारी तीन दगडांवर नुसताच धूर.

“हे काय, मावशी?”

मावशी म्हणजे वाडीतली सगळ्यांत वयस्कर बाई. नवरा कधीच गेलेला, जिभेला हाड नाही, आणि तिच्यापुढे आबासुद्धा आवाज खाली घेत. ती म्हणाली, “तुजी चूल लय ग्वाड हाय, बाबा. पर धूर न्हाई झाला तर छपराला कीड लागंल, आन् आढ्याचं बियाणं कोन राखंल? म्हून धुराला येगळी चूल केली.”

म्हणजे सरपण आता दुप्पट लागत होतं. मी अहवालात लिहिलं: ‘सर्व चुली वापरात आहेत.’ ते खोटं नव्हतं.

मी विचारलं, “मग तेव्हाच नको का म्हणाला नाहीत?”

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या घरच्यांनी मला काही वळणच लावलं नाही. “तू एवढ्या लांबून डोक्यावर घिऊन आलतास. तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?”

ही त्या वाडीची रीत होती आणि ती कळायला मला फार वेळ लागला. आलेल्या माणसाला तोंडावर ‘न्हाई’ म्हणायचं नाही. व्हय म्हणायचं, भाकरी द्यायची आणि मग काय ते आईला विचारायचं. ‘न्हाई’ म्हणण्याचं काम आईकडे होतं. त्यासाठी कौल लावत. पांढऱ्या चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, शिळेच्या उजव्या-डाव्या खांद्याला चिकटवायच्या आणि बसून राहायचं. पाकळी सुकली की गळते. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, नांगरट, म्हशीची खरेदी, सगळं असंच ठरे. पाहुण्याचं मन मोडलं तर ते आईने मोडलं, वाडीने नाही.

चुलींनंतर नीलगिरी आली. वरच्या उघड्या उतारावर मी शंभर रोपं लावून घेतली, सरळ रांगेत, सुतळी धरून. मला त्या रांगांचा फार अभिमान होता. चैत्रात उतार तापला आणि रोपं माना टाकू लागली. मी मनाशी हिशेब केला की वीस-पंचवीस तरी जगतील. वैशाखात गेलो तर सगळीच्या सगळी उभी. मी खुशीत आबांना म्हणालो, “बघा, कसलं चिवट झाड आहे!”

तेवढ्यात मावशी राईतून वर येताना दिसली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. ती उतारावर गेली आणि एकेका रोपाला ओंजळ-ओंजळ पाणी घालू लागली. रोज दोन खेपा घालत होती म्हणे, दीड महिना. वाडीतल्या बाकीच्या बायकाही आपापल्या हंड्यातलं थोडं थोडं देत होत्या. त्या करंगळीएवढ्या झऱ्यातलं.

“मावशी, कशाला?” मी म्हणालो.

“तू लावल्यात न्हवं? तू आल्यावर मेलेली दिसली आसती तर तुला वाईट वाटलं आसतं.”

मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी न जेवता उतरलो. माझी सुधारणा त्यांच्या पिण्याच्या पाण्यावर जगत होती आणि तिचं श्रेय मी नीलगिरीला देत होतो.

दैव असं की त्याच जगलेल्या रोपांमुळे साहेब आले. ऑफिसात बातमी गेली होती की आमच्या वाडीची नीलगिरी वैशाखातही शंभर टक्के जगली. असं जिल्ह्यात कुठेच घडलं नव्हतं म्हणे. साहेब पुण्याहून लोकलने लोणावळ्याला उतरले, मी त्यांना घेऊन वर चढलो. माणूस उत्साही होता. घामाने निथळत होता पण थांबत नव्हता. रोपं पाहून त्यांनी माझी पाठ थोपटली. मग त्यांची नजर खाली राईवर गेली.

“आणि हे काय माजलंय?”

मी सांगितलं. ते राईच्या कडेकडेने फिरले. “एक झाड सरळ नाही. निम्मं कुजलेलं. आणि जमीन बघा, काय कसदार आहे! वर खडकात शंभर टक्के जगतात, तर इथे काय होईल? हे साफ करा आणि आदर्श लागवड करा. झाडंच लावायची आहेत, जंगल वाढणारच आहे.” ते मनापासून बोलत होते. मी खाली मान घातली, कारण हे माझं, मीच इतक्या वेळा ऐकवलेलं भाषण होतं, फक्त आवाज मोठा होता.

राई सोसायटीच्या ताब्यातल्या जमिनीत होती, म्हणून सोसायटीचा ठराव लागणार होता आणि तोही एकमताने. ठराव झाला नाही तर पुढच्या वर्षीच्या कुपाचा फेरविचार करावा लागेल, असं साहेब जाता जाता म्हणाले. धमकी म्हणून नव्हे, नियम म्हणून. सभा पंधरा दिवसांनी ठरली. साहेब स्वतः हजर राहणार होते.

मी धोंड्यावर नोटीस डकवली. शेळ्यांनी खाल्ली. या वेळी मला त्यांचं बरं वाटलं.

सभेआधी मी आबांना बाजूला घेतलं. “आबा, राई तुटली की झरा जाईल. तुम्ही सभेत नाही म्हणा. एकाने जरी हात खाली ठेवला तरी भागेल.”

“साह्यबाच्या तोंडावर?” आबा म्हणाले. “एवढ्या उन्हाचा चढून येनार त्यो.”

“मग झरा?”

“आई हाय की. ती बघंल.”

मी डोकं धरून बसलो. राई, झरा, वाडी, सगळं एका पाकळीवर सोडून हे लोक साहेबांना जेवायला काय घालायचं याची चर्चा करत होते.

सभेला बत्तीसच्या बत्तीस जण आले. साहेब सोसायटीच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले, राईच्या तोंडाशी, जांभळाखाली. त्यांनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. बत्तीस हात वर गेले. मावशी काही सभासद नव्हती, पण पाहुण्याला बरं वाटावं म्हणून तिनेही केला. साहेब प्रसन्न झाले.

“एकमताने. लिहा.”

मी रजिस्टर पुढे केलं. मी हे का केलं ते सांगता येत नाही. एरवी मी साहेबापुढे तोंड उघडणारा माणूस नव्हतो. “साहेब, सभासद तेहतीस आहेत. एकाचं मत राहिलंय.”

“कोण गैरहजर आहे?”

“हजर हाय,” आबा म्हणाले आणि त्यांनी शिळेकडे बोट केलं. “तितं.”

साहेबांनी रजिस्टर वाचलं. मग पुन्हा वाचलं. ‘सज्ञान’ या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. खाली त्यांच्याच ऑफिसचा शिक्का होता आणि शिक्क्यावर त्यांचीच सही होती. चिडावं तर कुणावर, हा त्यांचा पेच मला स्पष्ट दिसला. पण माणूस नियमाचा पक्का. सभासद म्हणजे सभासद.

“मत कसं देतात या?”

आबांनी कौल समजावून सांगितला. साहेबांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, “चेअरमनचा यात हितसंबंध आहे. पाकळ्या सेक्रेटरी लावतील.”

मी चाफ्याची दोन फुलं घेतली आणि पेटीसकट शिळेपाशी गेलो. सगळ्यांकडे माझी पाठ होती. मी तिथे उभा राहून हिशेब केला. उजवी पडली तर राई जाणार, झरा जाणार. डावी पडली तर कूप जाणार, आणि निम्मं वर्ष ही माणसं खाणार काय? मी पेटी उघडली. डिंकाची बाटली काढली. एखाद्या धीराच्या माणसाने एकच पाकळी डिंकाने लावली असती. मी हाडाचा कारकून. मी दोन्ही लावल्या. माझ्या सबंध शिक्षणाने मला एवढंच शिकवलं होतं की ज्याचा निकाल लागत नाही, त्याला कुणी तोडू शकत नाही.

मग आम्ही सगळे बसलो.

पाऊण तास गेला. पाकळ्या कडेने तपकिरी झाल्या. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. आणखी एक तास गेला. वारा सुटला, जांभळाची पानं सळसळली, पाकळ्या ढिम्म. साहेब उठून जवळ गेले आणि मान वाकडी करून बघू लागले. त्यांनी हातातल्या फायलीने हळूच वारा घातला.

“साह्यब,” आबा अदबीने म्हणाले, “सभासदावर दबाव नगं.”

साहेब ओशाळून मागे आले. जेवणं झाली. नाचणीची भाकरी, करवंदाची चटणी, आणि साहेबांसाठी मुद्दाम तांदळाची खीर. साहेब तीन तांबे पाणी प्यायले.

“पाणी गोड आहे. कुठलं?”

“आईच्या पायाखालचं,” मावशी म्हणाली.

साहेब तांब्याकडे बघत राहिले. चार वाजता त्यांची लोकल चुकायची वेळ आली. पाकळ्या आता वाळून पापडासारख्या झाल्या होत्या आणि खांद्यांना चिकटूनच होत्या.

“असं कधी होतं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” आबा म्हणाले. “लय ईचारात पडलीय आई.”

मला त्यांच्याकडे बघवेना. साहेबांनी वही मागितली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘सभासद क्र. ३३ यांचे मत अप्राप्त. सभा स्थगित. मत प्राप्त होईपर्यंत विषय प्रलंबित.’ मी खाली शिक्का मारला. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरा शिक्का मारलेला नाही. साहेबांना स्टेशनवर पोचवायच्या घाईत मी पेटी उचलली आणि उतरलो. घरी येऊन बघतो तर पेटीत डिंकाची बाटली नव्हती.

पुढची दोन वर्षं सरकारने देवीशी पत्रव्यवहार केला. ‘आपले मत तातडीने कळवावे.’ ‘स्मरणपत्र क्रमांक एक.’ ‘स्मरणपत्र क्रमांक दोन.’ एकदा तर रजिस्टर पत्र आलं, पोचपावतीसह. लोणावळ्याचा पोस्टमन शिव्या देत अडीच तास चढला आणि पत्र फक्त ज्याचं त्यालाच देणार म्हणून अडून बसला. आबांनी त्याला शिळेपर्यंत नेलं, पावतीवर शेंदराचा ठिपका उठवला, भाकरी घातली. उत्तरं मी लिहीत असे: ‘सभासदाचा विचार चालू आहे.’ विषय प्रलंबित असेपर्यंत कूप थांबवता येत नव्हता, म्हणून कूप मिळत राहिला. विषय प्रलंबित असेपर्यंत राईला हातही लावता येत नव्हता. आणि हे सगळं चालू असताना दुसऱ्या टेबलावरून मला वेगळीच पत्रं येत होती, की डिंकाची बाटली कशी हरवली याचा खुलासा करावा. मी तीनदा खुलासा केला. शेवटी नवी बाटली मिळाली, पण तीन महिन्यांनी.

दर सभेला पहिला विषय तोच: स्थगित कौल पाहणे. मी धोंड्यापाशी उभा राहून लांबूनच बघत असे. पाकळ्या जागेवर असत, पांढऱ्याशुभ्र. आमच्या ऑफिसचा डिंक साधं तिकीट संध्याकाळपर्यंत धरत नसे, आणि इथे लोणावळ्याचा पाऊस चार महिने झोडपत असताना तो पाकळ्या धरून होता. पाकळ्या ताज्या कशा, हा प्रश्न माझ्या मनात येत असे. मी तो लगेच परतवून लावत असे. ज्याने गुन्हा केला आहे तो जवळ जाऊन बघत नाही. वाडीचा त्यांच्या आईवरचा विश्वास मी बाटलीतल्या चिकट पाण्याने फसवला होता, ही बोचणी मला होती. रात्रीची झोप गेली वगैरे नाही, पण भाकरी खाताना आबांच्या डोळ्याला डोळा देता येत नसे.

साहेब बदलून गेले. नवे साहेब बंधाऱ्यांचे निघाले, त्यांना झाडांत रस नव्हता. फाइल कुठल्याशा कपाटात गेली. त्यानंतर तीन-चार वर्षांनी माझी बदली तळेगावला झाली. चार्ज द्यायला मी शेवटचा वर चढलो. नवा सेक्रेटरी खाली औंढ्यात दम खात थांबला होता. वाडीने मला जेवायला घातलं, मग आबा आणि मावशी मला राईच्या तोंडापर्यंत सोडायला आले. मला राहवेना.

“आबा, मावशी, एक सांगायचंय. त्या दिवशी कौल मी…”

“डिंक लावलास,” मावशी म्हणाली. “बघितलं की आमी. समद्या वाडीनं बघितलं. बाटलीत बोट घालताना तुजं कोपार हलत व्हतं.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“तोंडावर कसं बोलायचं?” आबा म्हणाले.

मावशीने कमरेच्या गाठोड्यातून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. माझी डिंकाची बाटली. सरकारी, रबरी टोपणाची. आतून चाटून पुसल्यासारखी रिकामी.

“तू गेलास आन् तिसऱ्या दिशी पाकळी पडली,” ती म्हणाली.

“कुठली?”

आबा खाली बघत म्हणाले, “उजवी.”

मला आधी कळलंच नाही. उजवी म्हणजे होकार. तोडा म्हणून. आईने राई तोडायला होकार दिला होता.

“मंग काय करनार,” मावशी चिडून म्हणाली, जणू घरच्याच कुणाबद्दल बोलत होती. “आमचीच आई हाय ती. एवढा साह्यब उन्हाचा आला, तिचं पानी गोड हाय म्हनला, तिलाबी तोंडावर न्हाई म्हनवलं न्हाई. भीड पडली तिला. म्हून मी परत लावली पाकळी. तवापून दर अमावास्येला, आन् सभेच्या आदल्या राती, नवी लावतीय. थेंब-थेंब डिंक पुरवला, पान्यात कालवून.”

“पण मावशी, तुमच्याकडे ढीगभर डिंक आहे. सोसायटी डिंकच तर गोळा करते!”

“त्यो धावड्याच्या झाडाचा. त्यो तिला वळखू आला आसता, तिच्याच रानाचा न्हवं? सरकारी डिंक तिला वळखू येत न्हाई.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आता संपलाय. दुसरा दे.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि दोन्ही लपवायला मी पेटी उघडून वाकलो. इतकी वर्षं मी समजत होतो की मी या लोकांना आणि त्यांच्या देवीला फसवलं. ते मात्र त्यांच्या आईची भीड राखत होते आणि त्यात मला सामील करून घेऊन बसले होते. मी पेटीतली, त्याच वर्षी मिळालेली बाटली काढली आणि मावशीच्या हातात दिली. ती भरलेली होती, नुकतीच उघडलेली. मावशीने ती उजेडाकडे धरून बघितली, टोपण घट्ट केलं आणि गाठोड्यात बांधली.

औंढ्यात नवा सेक्रेटरी चार्जची यादी घेऊन बसला होता. पत्र्याची पेटी, एक. वही, एक. रजिस्टर, एक. शिक्का, एक. त्याने बाटली उलटी करून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातून पेन घेतलं आणि यादीत लिहिलं: डिंकाची बाटली, एक, रिकामी. मग त्याला म्हटलं, ऑफिसला लिहून लगेच दुसरी मागव, आणि ती आली की आधी वर नेऊन दे.